उन्मेषचे तीन बेस

“...ते सगळं ठीक आहे, मास्तर. पण एक पिकअप बरा की दोन?”

बावतीस मास्तर खुर्च्या मांडत होते. वसईकडचं गाव, चर्चच्या मागचा हॉल, दुपार उतरणीला लागलेली. लग्नाच्या बँडपासून स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपर्यंत मास्तरांनी आयुष्यभर बेस गिटार वाजवली होती. आता गावच्या सणासाठी ते गायनमंडळाची गाणी बसवत होते.

“खुर्ची सरकव जरा,” ते म्हणाले.

उन्मेष गोडांबेने स्वतःची खुर्ची सरकवली. बाकीच्या मांडायला हात लावावा, हे काही त्याला सुचलं नाही.

त्याचा जीव टांगणीला लागला होता. ठाण्यातल्या ज्या ऑर्केस्ट्रात तो बेस वाजवायचा, तिथल्या नाबरसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. ‘शनिवारचा कार्यक्रम बघतो. तोवर फरक पडला नाही, तर तुझं काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करेल. तुझा बेस ऐकूच येत नाही रे.’

ऐकू येत नाही म्हणजे वाद्यात खोट, असा उन्मेषने हिशेब लावला. माणूस स्वतःकडे सगळ्यात शेवटी बघतो, त्याला उन्मेष तरी काय करणार? त्याने तीन बेस गाडीत घातले, आवाज घडवणारा प्रीॲम्पचा डबा घेतला आणि थेट मास्तरांचं गाव गाठलं.

“आणि मास्तर, आवाज बोटांत असतो, असं मात्र सांगू नका,” तो म्हणाला. “सगळे तेच सांगतात.”

“बोटांत नसतो,” मास्तर म्हणाले.

या उत्तराची उन्मेषने तयारी केली नव्हती.

“...मग कशात असतो?”

मास्तर पुढची खुर्ची आणायला गेले होते.

उन्मेषने तिन्ही बेस ओळीने उभे केले आणि मास्तरांना ते समजावून सांगू लागला. ज्या माणसाने त्याच्या वयापेक्षा जास्त वर्षं बेस वाजवला, त्याला.

पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबकाचा ठोकळा. तारेची थरथर पकडायची आणि आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. पण तो कुठे बसवलाय आणि कसा गुंडाळलाय, यावरून आवाज बदलतो, आणि यावर उन्मेषने रात्रीच्या रात्री घालवल्या होत्या.

“हा पहिला. मधोमध एकच पिकअप, दोन तुकड्यांत. आवाज गोल, भरदार. हा दुसरा. दोन बारीक पिकअप, एक गळ्याकडे, एक मागे. एकटा उघडला की घूंऽऽ करतो, दोन्ही सारखे उघडले की घूं जाते. आणि हा तिसरा. मागे एकच जाडजूड, आत बॅटरीवरचा प्रीॲम्प. खालचा, मधला, वरचा, हवा तो आवाज चढवा.”

“वाजव,” मास्तर म्हणाले.

त्याने वाजवला. एकेक बेस, तीच सुरावट, तीच चाल. रिकाम्या हॉलमध्ये पहिला घुमला, दुसरा खणखणला, तिसऱ्याने तर पायाखालची फरशी हलल्यासारखं वाटलं. उन्मेषचा हात चांगला होता, यात शंका नाही.

“छान,” मास्तर म्हणाले.

“कोणता?”

“तिन्ही.”

“असं कसं, मास्तर? काहीतरी एक निवडायला हवं ना!”

“एकट्याने वाजवायचं असेल तर तिन्ही छान...”

पुढे काही बोलतील म्हणून उन्मेष थांबला. मास्तर घाम पुसत दाराकडे बघत होते.

मंडळी येऊ लागली. फुलवाल्या साड्यांतल्या चार-पाच बाया, बाजाच्या पेटीवरचे अंतोन, मागच्या रांगेत उभे राहणारे दोन-तीन पुरुष. शेवटी खांद्यावर काठ्यांची पिशवी अडकवलेली एक तरुणी आली आणि कोपऱ्यातल्या ड्रमवरची चादर काढू लागली.

“उन्मेष, ही झेलिया डाबरे. ड्रम वाजवते. शाळेत भूगोल शिकवते.”

“हो, हो. नमस्कार,” उन्मेष म्हणाला. तो प्रीॲम्पच्या डब्यावर ओणवा होऊन मधल्या आवाजाचा नॉब केसभर फिरवत होता. मान काही वर झाली नाही.

झेलिया क्षणभर थांबली. मग स्टुलावर बसली आणि पाय मोठ्या ड्रमच्या पॅडलवर ठेवून बघितला.

“यांच्याबरोबर वाजव,” मास्तर उन्मेषला म्हणाले. “मी मागे बसतो.”

ते हॉलच्या पार टोकाला, दारापाशी जाऊन बसले.

पहिला बेस. गाणं साधंच होतं, गावातल्या पोरासोरांनाही पाठ असलेलं. उन्मेषने मन लावून वाजवलं. संपल्यावर हात उंचावून विचारलं,

“आला ऐकू?”

“नाही.”

त्याने प्रीॲम्पवर खालचा आवाज चढवला. पुन्हा तेच गाणं.

“आता?”

“नाही.”

दुसरा बेस घेतला. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले. घूं नाही, खरखर नाही, आरशासारखा स्वच्छ आवाज. गाणं संपलं. मास्तरांनी लांबूनच मान हलवली. नाही.

उन्मेषच्या कपाळावर आठ्या पडल्या. खोलीत एवढा सुंदर वाजणारा बेस माणसं जमली की जातो कुठे?

“मास्तर, ड्रम जोरात आहे. त्या ड्रमला जरा हळू सांगा ना!”

अंतोननी पेटीवरून डोळे वर केले. झेलियाने भुवई उडवली. पुढच्या वेळी तिने हळू वाजवलं.

“नाही,” मास्तर म्हणाले.

मग उन्मेष इरेला पेटला. तिसरा बेस खांद्यावर अडकवला. आतला प्रीॲम्प, बाहेरचा प्रीॲम्प, सगळे नॉब वर. पहिल्याच स्वराला खिडकीची तावदानं खडखडली आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने कानावर हात ठेवला.

“आता?” त्याने वाजवता वाजवताच ओरडून विचारलं.

“आता तू ऐकू आलास,” मास्तर म्हणाले. “गाणं नाही आलं.”

उन्मेषने आवाज थोडा उतरवला. दुसरं कडवं सुरू झालं होतं. आणि मध्येच बेस खोकल्यासारखा फाटला, एकदा, दोनदा... आणि गप्प झाला.

त्याने नॉब फिरवला. काही नाही. केबल दाबून बघितली. काही नाही.

आतली बॅटरी गेली होती. या बेसची एक खोड असते. केबल खोचलेली राहिली, की वाजवा न वाजवा, आतला प्रीॲम्प जागाच राहतो आणि बॅटरी खात बसतो. हे उन्मेष लोकांना सांगत फिरायचा. आणि गेला आठवडाभर रोज नॉब बदलून बघायचे म्हणून त्याने घरी स्वतःच्या बेसची केबल एकदाही काढली नव्हती.

थांबायची लाज वाटली. तो नुसतीच बोटं चालवत राहिला.

कुणी वळून बघितलं नाही.

दुसरं कडवं संपलं, तिसरं झालं, शेवटची ओळ दोनदा झाली. बाया पाणी प्यायल्या. मागचा एक जण म्हणाला, “हे सगळ्यात छान झालं.”

उन्मेषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाबरसाहेब चिडून बोलले असतील, अशी एक आशा त्याने मनात जपून ठेवली होती. आता तीही गेली. त्याचा बेस बंद पडला होता आणि गाण्याचं काहीही अडलं नव्हतं.

मास्तर शांतपणे चालत पुढे आले.

“केबल काढत नव्हतास?”

“...नव्हतो.”

“हं.”

मास्तरांनी दोन पिकअपवाला बेस उचलला. बाहेरच्या प्रीॲम्पमधून केबल काढून सरळ ॲम्पमध्ये खोचली. गळ्याकडचा पिकअप पूर्ण बंद केला. मागचा तेवढा उघडा ठेवला. ॲम्पमधून घूंऽऽ सुरू झाली.

“मास्तर, तो एकटा नका उघडू,” उन्मेष कळवळून म्हणाला. “नाकातून बोलल्यासारखा वाजतो. मी तर तो एकटा कधी वापरतच नाही. दोन्ही सारखे करा, घूं जाईल.”

“तू मागे जाऊन बस. माझ्या जागेवर.”

तो गेला.

मास्तरांनी खुर्ची ओढून ड्रमला चिकटवली. गाणाऱ्यांकडे त्यांची जवळजवळ पाठच झाली. नॉबकडे त्यांनी परत बघितलंही नाही. ते झेलियाच्या उजव्या पायाकडे बघत होते.

“चल,” ते तिला म्हणाले.

तिने मान हलवली. पाय पडला, त्याच क्षणी मास्तरांची तार वाजली.

त्यांनी फार काही वाजवलं नाही. उन्मेष जिथे चार स्वर घालायचा तिथे एक. कुठे कुठे तोही नाही, तिथे नुसता पाय. एकदा झेलियाने हसून एक ठोका उशिरा टाकला, तर मास्तरही तेवढेच उशिरा आले आणि दोघंही हसली.

दारापाशी बसून उन्मेष कान देऊन ऐकू लागला. मागचा पिकअप, मधला आवाज पुढे, खाली पोकळ... एवढं त्याने पहिल्या ओळीपर्यंत टिपलं. मग कधीतरी टिपायचं राहून गेलं. बाया मघापेक्षा मोकळ्या गात होत्या. मागचे पुरुष डुलत होते. त्याचं त्यालाही कळलं नाही, पण त्याची टाच जमिनीवर पडत होती.

दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर मास्तरांनी तारांवरून हात उचलला.

झेलियाची काठी हवेतच राहिली. बायांची ओळ अर्ध्यात लुळी पडली. पेटीवरच्या अंतोननी चुकून दोन सूर एकदम दाबले. पुढच्या बाईने वळून विचारलं,

“मास्तर? काय झालं? बरं वाटत नाही का?”

“काही नाही, मेरी. पाणी पितो.”

ॲम्पमधली घूं तेवढी चालू होती.

उन्मेष तरातरा चालत पुढे आला. अख्ख्या दुपारभरात पहिल्यांदाच त्याला आपला बेस हातात घ्यावासा वाटत नव्हता.

“हा तर सगळ्यात वाईट आवाज होता, मास्तर.”

“हो.”

“प्रीॲम्प नाही. घूं येतेय. मी घरी हा आवाज ऐकला असता तर लगेच बंद केला असता.”

“हो ना.”

“आणि तुम्ही हात उचललात तर सगळे थांबले. पेटी थांबली, बाया थांबल्या, ड्रमसुद्धा थांबला...”

मास्तर पाणी पीत होते. भांडं खाली ठेवलं. खांद्यावरून पट्टा काढून बेस उन्मेषच्या हातात दिला.

उन्मेषने तो छातीशी धरला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता.

“मला ती जागा घालवायची नाहीये, मास्तर. दुसरं काही येत नाही मला. एवढंच सांगा... शनिवारी कोणता पिकअप उघडू?”

झेलिया काठ्या मांडीवर ठेवून दोघांकडे बघत होती.

मास्तरांनी तिच्याकडे बोट केलं.

“हिचं नाव काय, ते सांग. मग पिकअपचं सांगतो.”