कोष्टी आळीचा दोरा

गाडी इथंच लावा, पुढं दोरा आहे. दिसत नाही? वाकून बघा. या खांबापासून त्या कडुनिंबापर्यंत सुताचा एकच धागा बांधलाय. चार वाजले की कोष्टी तो बांधतात आणि दिवेलागणीला सोडतात. तोवर आळी पोरांची. टेम्पो असो की साहेबांची गाडी, वळसा घालूनच जायचं. मी शेजारच्या तेली आळीतला, तेव्हा कौतुकानं सांगतोय असं समजू नका. विचारलंत म्हणून सांगतो.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा बाजाराच्या बैलगाड्या याच आळीतून जायच्या. पण कोष्ट्यांनी रस्त्यात ताणा पसरला, म्हणजे साडीचे उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरले, की गाड्या बाहेर थांबायच्या. ताण्यावरून चाक घालायचं नाही, असा गावाचा नियमच होता.

आळीत दोघी जावा होत्या, थोरली मथुरा आणि धाकटी भिमा. देवीची साडी दरवर्षी मथुरेच्याच मागावर विणली जायची. भिमेचं सूत सारखं तुटायचं. जावेचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं, त्यात नवल नाही. एके दिवशी ताणा नव्हता, गाड्या भरधाव निघाल्या, आणि भिमेची सहा वर्षांची चंपी दारात खेळता खेळता चाकाखाली आली. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

पुढच्या महिन्यात मथुरेनं देवीच्या साडीचा ताणा पसरला. गाड्या निमूट रांगेत उभ्या राहिल्या. ते बघून भिमेच्या अंगाची लाही झाली. जावेच्या सुतासाठी बैल थांबतात, माझ्या लेकीसाठी थांबले नाहीत. असं सांगतात, की साऱ्या आळीदेखत तिनं कात्रीनं एक धागा कापून काढला. दुसऱ्याला हात घालताना तिची नजर गाड्यांकडं गेली. त्या तशाच उभ्या होत्या. तिनं कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताणा आवरलेला होता. भिमेनं तोच धागा आळीच्या तोंडाशी आडवा बांधला आणि पोरांना रस्त्यावर सोडलं. पहिल्या गाडीवानानं बैल आवरले.

"ताणा कुठाय, वैनी?"

"आत खेळतोय," भिमा म्हणाली. "सूत तुटलं तर सांधता येतं. पोर कोण सांधून देणार?"

बैलांनीच पाऊल उचललं नाही, असं कोष्टी सांगतात. गाडीवान शहाणा होता, असं आम्ही तेली म्हणतो. एवढ्यात मथुरा तणतणत बाहेर आली. आपला धागा तिनं ओळखला. आता झिंज्या धरणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं धागा ओढून बघितला, "गाठ सैल आहे," म्हणाली, ती घट्ट केली आणि तिथंच जावेशेजारी उभी राहिली.

आजही देवीची साडी एक धागा कमी विणतात. आत पहिला डाव लंगडीचा मांडतात, कारण त्या खेळात चंपीला कधी कुणी हरवू शकलं नाही, म्हणे.

या आळीवर मी जळतो, लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी मीही आमच्या आळीत दोरा बांधला होता, यांच्याकडूनच सूत मागून. पहिल्याच दिवशी एका मोटारसायकलनं तो तोडला. ती माझ्या मुलाची होती. दोरा दिसलाच नाही, म्हणाला.

आजही चार वाजले की त्याच्या लेकीला मी इथं घेऊन येतो. ती दोऱ्याखालून वाकून आत पळते. मी बाहेर उभा राहतो.