सरांचं खुणेतलं नाव

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. वसतिगृहात भाकऱ्या बडवणारीचं कोण ऐकतं? मी ओरडून सांगत होते, या मुलांना कुणी फूस लावलेली नाही. तर म्हणे, मुक्यांना एवढं डोकं कुठलं!

आमच्या मूकबधिर शाळेत मुख्याध्यापक खर्डेकर सरांनी खुणांनी बोलायला बंदी केली. कुणी खुणा केल्या की मनगटं रुमालानं बांधायचे. शेवटी मुलं वर्ग सोडून पटांगणात बसली. चौकशीला सरकारी खात्याचे साहेब आले, तर सर भोंग्यावर ओरडले, "उठा!" बहिऱ्यांपुढे भोंगा!

मग सरांनी दहावीतल्या प्रांजलला फळ्यावर लिहून विचारलं, "फूस कुणाची? नाव सांग, नाहीतर दाखला हातात देईन."

तिनं मनगटावर मनगट ठेवून दाखवलं.

"साहेब, हा जो कोण असेल त्याला आजच काढा!" सर गरजले.

साहेब माझ्याकडे वळले. "मावशी, कुणाचं नाव हे?"

"मुलं माणसाच्या करणीवरून नाव ठेवतात, साहेब. हे सरांचंच. तीन वर्षांत त्यांना ते कळलं नाही."

साहेब हसले. मला वाटलं, जिंकलो.

आठवड्यानं आदेश आला. प्रांजल वाचली, बंदी तशीच राहिली. खुणा कळणारी बाईच फूस लावणार, असं ठरवून, कामावरून काढायचं म्हणून खाली माझं नाव टाईप केलं होतं: सोनाबाई किसन वाघमोडे.