सागाच्या पोटातले डाग

एका गावात भिवरा नावाची एक विधवा होती, आणि तिच्या बोलण्यावर कुणाचा काडीइतका विश्वास नव्हता. गेल्या साली जंगलाला वणवा लागला तेव्हा सगळी बोटं तिच्याकडं वळली. का, तर मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात, आणि भिवराचं पोट दोन मोहांवर होतं. ती मात्र खराट्यानं झाडायची. कंबर मोडेस्तोवर झाडायची. पण ते बघणार कोण?

यंदाही शिमग्यानंतर वणवा लागला. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, पंचांना म्हणाला, "मोह काढून घ्या तिचे. बाई जंगलात दिसता कामा नये." पंचांनी माना डोलावल्या. भिवरानं खायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

वणव्यात एक साग भाजला होता. मालगुजारानंच तो आपल्या गोठ्याच्या आढ्यासाठी कापायला लावला. झिंगरू सुतारानं करवत चालवली. खोड आडवं झालं आणि झिंगरू बुंध्यापाशी बसूनच राहिला.

"पंचांना बोलवा," तो म्हणाला. "भिवराबाईलाही."

साग वर्षाला एक कडं चढवतो. आगीची जखम नव्या लाकडाखाली झाकली जाते, पण काळा डाग आत राहतो. झिंगरूनं सालीकडून बोट ठेवत मोजलं. "ही यंदाची आग. एक कडं सोडून गेल्या सालची. मग सात कडी साफ. आणि त्याच्या आत बघा, एक साल आड डागच डाग."

भिवरा उसळली. "मला नांदायला येऊन आठ वर्षं झाली. आतले डाग लावायला काय माहेराहून येत होते? आणि ती साफ सात वर्षं दर उन्हाळ्यात मी मोहाखालीच होते. तेव्हा जंगलात कोण नव्हतं, ते सांगा!"

मग सर्वांत म्हातारे पंच हळूच म्हणाले, "म्हशी."

बुळकांडीच्या साथीत मालगुजाराच्या म्हशी मेल्या होत्या. सात वर्षं गोठा रिकामा होता. नव्या म्हशी आल्या गेल्या सालच्या वणव्याआधीच्या दिवाळीला. कोवळा चारा फुटावा म्हणून तो वाळलं गवत पेटवायचा. आपल्या कुरणापुरतंच, असं म्हणायचा.

"वाऱ्यानं गेली असेल आग," मालगुजार पुटपुटला.

"वारा बी म्हशी बघूनच सुटतो काय, मालक?" भिवरानं विचारलं.

मोह तिचे तिला मिळाले. ती त्याच बुंध्यावर टेकली आणि कितीतरी दिवसांनी तिनं छातीभर श्वास घेतला. मग खराटा उचलून निघाली. फुलं कुणासाठी थांबत नाहीत.

तात्पर्य: गरिबावर आळ घेण्याआधी पुरावा मोजा, आणि मोजून झाल्यावर थोराचं नाव घ्यायला भिऊ नका. या मालगुजाराचं नाव होतं जानराव.