मोरतुऱ्याचा आठवा राजा

एका गावात एक भोळा चोपदार होता. नाव हैबती. गाव कसलं, एके काळचं मोरतुऱ्याचं राज्य ते! हत्ती गेले, किल्ला पडला, मुलूख सम्राटानं घेतला. उरलं एक सिंहासन, त्यावर बसणारे चंद्रभानराजे आणि त्यांच्यापुढे काठी घेऊन उभा राहणारा हैबती.

एके दिवशी सम्राटाचा निरोप आला. "पौर्णिमेला आमचा दूत येईल. सात पिढ्यांची नावं घेतली जात असताना सिंहासनावर जो बसलेला दिसेल, त्याला राज्य परत."

राजांना आनंद मावेना. त्याच दिवशी त्यांचे मेहुणे आले. हैबतीनं त्यांना सरळ पाणी दिलं.

राजे कडाडले, "अरे, घराण्याची रीत विसरलास? दारात कुणीही येवो, आधी सात पिढ्यांची नावं ऐकवायची. मग बाकीचं!"

"जी महाराज."

दुसऱ्या दिवशी दरबारातल्या पडद्याला आग लागली. शेजारचा कुंभार पाण्याची घागर घेऊन धावत आला. हैबतीनं दारातच काठी आडवी धरली आणि नावं सुरू केली. तिसऱ्या पिढीला पडदा गेला, पाचव्या पिढीला छत. सातवी पिढी आली तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं; दगडी सिंहासन तेवढं वाचलं.

"अरे गाढवा! धूर दिसला की आधी पाणी ओतायचं!"

"चुकलं, महाराज."

तिसऱ्या दिवशी राजगुरू कुलदेवीच्या पूजेला आले. पांढरी दाढी पोटापर्यंत, हातात धुपाटणं. धूर दिसताच हैबतीनं अख्खी घागर त्यांच्या डोक्यावर रिकामी केली. राजगुरू शिंकत शिंकत घरी गेले.

राजांनी कपाळावर हात मारला. "अरे, दाढी तरी बघायचीस! पांढरी दाढी दिसली की वाकून नमस्कार करायचा, सगळ्यात उंच आसनावर बसवायचं, अक्षता वाहायच्या."

"आता नाही चुकणार, महाराज."

आणि खरंच, तो चुकला नाही.

पौर्णिमा उजाडली. राजे आंघोळीला गेले. तेवढ्यात धनगराचा बोकड आत शिरला. दाढी पांढरीशुभ्र! हैबतीनं वाकून नमस्कार केला. उंच आसन एकच होतं. त्यानं बोकडाला उचलून त्यावर बसवलं, अक्षता वाहिल्या. बोकड त्या खात स्वस्थ बसला. मग दारात कुणी आलेलं दिसताच काठी आपटून हैबतीनं खड्या आवाजात सातही पिढ्या म्हटल्या. एक नाव चुकलं नाही. मला तर बिचाऱ्याचं कौतुकच वाटतं.

सम्राटाचा दूत दारातून सगळं पाहत होता. त्यानं राज्याच्या सनदेवर शिक्का मारला आणि ती बोकडाच्या गळ्यात बांधली.

राजे ओलेत्यानं धावत आले. "अहो, राजा मी! तो बोकड आहे!"

"राजाला पाय किती असावेत, हे हुकमात लिहिलेलं नाही," असं म्हणून दूत घोड्यावर बसला आणि निघून गेला.

राजे पायरीवर मटकन बसले. डोळ्यांत पाणी आलं. हैबतीला फार वाईट वाटलं. तो हळूच त्यांच्या कानाशी वाकला.

"रडू नका महाराज. नव्या महाराजांकडे मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. दुसरा चोपदार लागेलच त्यांना. तुम्ही नवशिके आहात, पण घेतील सांभाळून. स्वभावानं गरीब दिसतात."