पंगतीतून उठलेला कारभारी

आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ऐकीवच सांगितलेली ही गोष्ट.

सांगवणचे जुने सरकार वारले आणि गादीसाठी त्यांचे दोघे मुलगे, हैबतराव आणि निंबाजीराव, नदीच्या दोन काठांवर तलवारी उपसून बसले. बारा वर्षं! एकाच घरातला काका या काठावर पडे, पुतण्या त्या काठावर. नदीसुद्धा शरमेनं आटली, असं म्हणतात.

दोघंही थकले होते. पण तह करायचा तर भैरोबाचा बेलभंडार, म्हणजे बेलाचं पान नि हळद, पाठवायची रीत. आणि जो आधी पाठवील, तो नमला. मग पाठवणार कोण?

खेमाजी कारभाऱ्यानं दोघांनाही खांद्यावर खेळवलेलं. तो एकटाच देवळात गेला, बेलभंडार घेतला आणि थोरल्यापुढे ठेवला. "धाकट्या सरकारांनी पाठवलाय."

"निंब्यानं? त्याची मान वाकते होय? उचल बेलभंडार, घे शपथ!"

खेमाजीनं उचलला. तळहात भाजला, असं म्हणतात. त्याच हातानं पलीकडच्या काठावर त्यानं धाकट्यापुढे, थोरल्यानं पाठवलाय म्हणून, शपथ घेतली.

भाऊ कोरड्या पात्रात भेटले, आणि असे रडले की नदी वाहू लागली.

भैरोबाच्या देवळात तहाची पंगत बसली. निंबाजीराव हसून म्हणाला, "दादा, आधी तुम्ही बेलभंडार पाठवलात, म्हणून आलो हं!"

"मी? अरे, पाठवलास तर तू!"

घास हातातच राहिले. कुणाचा तरी हात तलवारीकडे गेला.

खेमाजी म्हणाला, "कुणीच नाही पाठवला. दोन्ही शपथा माझ्या. खोट्या." आणि भरल्या पानावरून उठला. खोटा बेलभंडार उचलणाऱ्याला गावच्या पंगतीत जागा नव्हती.

भाऊ खाली मान घालून बसले. पुन्हा लढायची लाज वाटली त्यांना. खेमाजी देवळाच्या पायऱ्या मुद्दाम सावकाश उतरला. कुणीतरी हाक मारील, वाटलं होतं त्याला. एवढं त्यानं बायकोला, सगुणाबाईला, शेवटच्या भेटीत सांगितलं. अकरा वर्षं तो गावाबाहेर राहिला, भैरोबाला लांबूनच हात जोडले. एकटाच गेला तेव्हा बंद खोपटात त्याच्या कपाळावर ताजा भंडारा होता, असं म्हणतात. देवानं लावला. माणसांना सुचलंच नाही.

आजही भैरोबाच्या जत्रेला पहिलं पान पायऱ्यांवर वाढतात. गावातला सर्वांत म्हातारा माणूस उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "खेमाजीबाबा, मागं फिरा. बसा जेवायला."

मग पंगत थांबते. बराच वेळ कुणी पानाला हात लावत नाही.