झाडणीचा खडक

समोर हिरवट-करडं दिसतंय ते सुरयबेट. आणि आपली होडी टेकली आहे, तो हा काळा दगड म्हणजे झाडणीचा खडक. ओहोटीला दोन-अडीच तास उघडा असतो, मग भरती त्याला गिळते. बेटावर जाणारी प्रत्येक होडी आधी इथे थांबते. मच्छीमाराची असो, सरकारी साहेबाची असो, नाहीतर तुमच्यासारख्या दुर्बिणवाल्या पाहुण्यांची. इथे उतरायचं, होडी रिकामी करायची, फळ्या उचलायच्या, दोर उलगडायचे, पिशव्या उलट्या करायच्या आणि सगळं झाडून मगच पुढे जायचं. झाडणी म्हणजे एवढंच. घाई करू नका, अजून पाणी उतरतंय, तोवर बसा. त्या चष्मेवाल्या दादांनी मघाशी विचारलं, "काका, बंदरावरच झाडून घेतलं असतं तर?" घेतलं असतं, दादा. हेच वाक्य आमच्या गावाला तीनशे वर्षं छळतंय.

मी आत्माराम कुबल. धाकट्या मेढेत जन्मलो, दर्यात म्हातारा झालो. ही गोष्ट माझ्या आजोबांनी मला याच खडकावर बसवून सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. खरी किती, खोटी किती, ते मला विचारू नका. आमच्या गावात तिच्यावर कोणी शंका घेत नाही, कारण ती ज्याच्या घरात घडली ते घर अजून आहे.

असं सांगतात की त्या काळी या किनाऱ्याला दीपगृह नव्हतं, होकायंत्र कोणाच्या बापाने पाहिलं नव्हतं. वैशाखात दर्यावर धुकं उतरलं की हाताला हात दिसत नाही. मग घरी यायचं कसं? तर या सुरयांच्या मागे. हे पाखरू दिवसभर दूर दर्यात मासळी मारतं आणि संध्याकाळ झाली की पिलासाठी चोचीत मासा धरून सरळ बेटाकडे निघतं. चोचीत मासा असलेली सुरय दिसली की तांडेल तिच्या मागे होडी घालायचा. बेट लागलं की घर लागलंच. हजारो पाखरं होती म्हणे. त्यांच्या ओरडण्याने धुक्यातसुद्धा बेट कानाला सापडायचं.

भिवा तांडेल हा तेव्हाचा नावाजलेला दर्यावर्दी. त्याची बायको मथुरा. ती आमच्यातली असली, तरी वाढली होती वर डोंगराकडे, मामाच्या घरी, भातशेतीत. माशाचा वास तिला लग्नानंतर कळला. एका वैशाखात भिवाची होडी वादळात सापडली आणि पाच दिवस परतली नाही. बायका किनाऱ्यावर बसून राहिल्या. मथुरेने तेव्हा नवस केला, पण देवाला नाही. ती पाखरांना बोलली, माझ्या घोवाला घरी आणा, मी तुम्हाला भाताचे बारा भारे घालीन. सहाव्या दिवशी भिवा आला. धुक्यात एका सुरयीच्या मागे आला होता.

सासू हसली. म्हणाली, "अगो, ती पाखरां मासळी खातत. भात खावक ती काय कोंबडी आसत?"

"खाऊ देत नायतर टाकू देत," मथुरा म्हणाली. "माझा बोलणा माका फेडूक होया."

यात तिची चूक कोणती, ते तुम्हीच सांगा. माणूस आपल्याकडचं सगळ्यात चांगलं तेच देतो. डोंगरावरच्या पोरीला लोंब्यांनी भरलेल्या भाऱ्याहून चांगलं काय ठाऊक असणार? मामाच्या खळ्यात रचलेल्या भाताच्या उडवीतून बारा भारे निघाले, बैलगाडीने किनाऱ्याला आले, होडीतून बेटावर गेले. मथुरेने हळदकुंकू वाहिलं, भारे पसरले, हात जोडले आणि परत आली. पाखरांनी त्या भाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पण भाऱ्यातून जे उतरलं होतं, त्याने तो भात संपवला. उडवीत उंदीर असतातच, त्यात नवल ते काय. तोवर त्या बेटावर चार पायांचं काहीच नव्हतं. म्हणून सुरय घरटं करत नाही, नुसती दगडाच्या कपारीत, झुडपाखाली जमिनीवर एक अंडं घालते आणि बसते. तिला पळायचं माहीत नव्हतं, कारण पळण्यासारखं तिच्या बेटावर काही आलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माणसं गेली तेव्हा फुटकी अंडी दिसली. तिसऱ्या वर्षी पिल्लं दिसली, डोकी कुरतडलेली. चौथ्या वर्षी पाखरं आली, बेटावर दोन दिवस घिरट्या घातल्या आणि खाली न उतरता निघून गेली. त्याच वैशाखात धुकं पडलं. भिवाचा धाकटा भाऊ केशव आणि त्याच्याबरोबरचे तिघे दर्यात होते. ते कुठल्या पाखराच्या मागे येणार? त्यांची होडी परत आली नाही. एक वल्हं तेवढं लागलं किनाऱ्याला.

गावात मथुरेला तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. पण विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलायच्या. भावकीची बैठक बसली. जुन्या माणसांनी तोडगा काढला, बेटावर चार मांजरं सोडू. तेव्हा मथुरा पहिल्यांदा चारचौघांत बोलली, असं सांगतात.

"मांजर उंदराच्या फाटसून कित्याक धावतला? हाताशी पाखरू बसलेला आसताना? एक घाण केलंय मी, तिच्यावर दुसरी घालू नकात. माका थंय सोडा. उंदीर मारूचे कसे ता माका ठावक आसा."

खरंच ठाऊक होतं. मामाच्या शेतात तिचं बालपण त्यातच गेलं होतं. काटकीवर तोललेला चपटा दगड, खाली खोबऱ्याचा तुकडा. तुकड्याला तोंड लागलं की दगड खाली. भिवा नको नको म्हणत होता, पण त्याचाही भाऊ गेला होता. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडला तसं त्याने तिला बेटावर उतरवलं. बरोबर कोयता, मडकी, सुकी मासळी आणि नारळ.

तिने नियम घातला, बेटाला होडी लावायची नाही. दर आठ दिवसांनी भिवा या खडकापर्यंत यायचा. पाणी आणि नारळ दोराला बांधून सोडायचा, ती तिकडून ओढून घ्यायची. ती त्या पुढच्या दगडावर उभी राहायची आणि मारलेल्या उंदरांच्या शेपट्या काथ्यात ओवून वर धरून दाखवायची. कार्तिकात ती माळ तिच्या उंचीएवढी झाली होती. मग नव्या शेपट्या कमी होत गेल्या. माघात आठवड्याला तीन, फाल्गुनात एक. मथुरा वाळून काटकी झाली होती आणि भिवाला घरी भाकरी गोड लागत नव्हती.

वैशाख संपताना भिवा शेवटची फेरी घेऊन आला. दर्याचं पाणी काळवंडलं होतं. एकदा पाऊस लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत होडी घालता येत नाही.

"चल घराक, मथुरा," तो ओरडला. "दर्या बंद होतलो."

"एकच मादी रवलीसा," तिने तिकडून सांगितलं. "दगडाखाली येना नाय, शाणी झालीसा. आणि ती गाभण आसा."

"एका उंदराक काय होतला गो?"

"ती एकटी नाय. तिच्या पोटात अख्खो गाव आसा."

तो रडला म्हणे, सगळ्यांसमोर. तिने ऐकलं नाही. शेवटी तिने त्याला आण घातली. "नारळी पुनवेक येवा. पण होडी झाडल्याबिगर हंय पाय ठेवू नकात. माझी आण आसा तुमका."

पुढचं कोणी पाहिलेलं नाही. नंतर जे सापडलं त्यावरून गावाने ते जोडलंय. ज्येष्ठात, पाऊस ऐन भरात असताना, आमच्या वाळूच्या पुळणीवर नारळ वाहून यायला लागले. एक, दोन, मग वीस-बावीस. प्रत्येकावर कोयत्याची एक खूण होती. भिवा स्वतः ती खूण करून नारळ तिकडे पाठवायचा. मथुरेने आपलं सगळं अन्न दर्यात लोटून दिलं होतं. त्या उंदराच्या मादीला तिच्या साठ्यातलं चोरून खायला मिळत होतं, म्हणून ती दगडाखालच्या तुकड्याकडे फिरकत नव्हती. बेटावर खाण्यासारखं काहीच उरलं नाही, तर ती कशाकडे येईल? भिवाला ते नारळ बघताच सगळं कळलं. त्याने भर पावसात दोनदा होडी घातली आणि दोन्ही वेळा लाटांनी ती पुळणीवर आणून आपटली. दुसऱ्या वेळी त्याचा हात मोडला. मग तो आषाढ-श्रावण किनाऱ्यावर बसून राहिला. आपलं माणूस उपाशी आहे हे ठाऊक असून दोन महिने जेवायचं कसं, याचा विचार करा.

नारळी पौर्णिमेची पहाट. भिवाने दर्याला नारळसुद्धा वाहू दिला नाही. हात मोडल्यापासून माडाच्या झापांखाली शाकारून ठेवलेली होडी चौघांनी ओढून काढली, आत पेज, गूळ, लुगडं टाकलं आणि निघाले. झाडायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. भिवाच्याही नाही. वाटेत त्यांनी पाहिलं की आकाश पाखरांनी भरलंय. सुरया बेटावर उतरत होत्या, उठत होत्या, चोचीत मासे होते. चौघे आनंदाने ओरडायला लागले. या खडकापाशी आले तेव्हा समोरच्या दगडावर त्यांना मथुरा दिसली. ती बसली होती. तिने एक हात वर केला.

तेव्हा भिवाला आण आठवली.

बरोबरच्यांनी त्याला शिव्या घातल्या. "ती जित्ती आसा रे! आधी तिका उचलूया, मगे झाडूया!" मधलं पाणी तर हे असं, आत्ता दिसतंय त्याहून दुप्पट खवळलेलं. पोहून जायची सोय नव्हती, चार वल्ही लागत होती. परत किनाऱ्यावर जाऊन झाडायचं तर दिवस गेला असता. भिवाने मोडका हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने त्याने पहिली फळी उचलली. मग इतरांनीही उचलल्या. दोर उलगडले. झाप फेकले. पेजेचं मडकंसुद्धा रिकामं केलं. एवढं सगळं करायला घटकाभर गेली, दोन घटका गेल्या. आणि सगळ्यात खालच्या काथ्याच्या वेटोळ्यात, पेंढ्याच्या घरट्यात, त्यांना उंदरीण सापडली. डोळे न उघडलेली सात पिल्लं होती तिच्याजवळ. त्या शाकारलेल्या होडीत तिने संसार मांडला होता.

भिवाने ती तिथेच ठेचली. मग ते निघाले.

पोचले तेव्हा मथुरेचं अंग गरम होतं, पण ती गेली होती. तिच्या मनगटाला शेवटची शेपटी बांधलेली होती. दंडांवर, पोटऱ्यांवर चाव्यांचे जुने, भरून आलेले वण होते. असं सांगतात की सगळं अन्न संपल्यावर ती मेल्यासारखी पडून राहिली आणि भुकेलेली मादी तिच्याच अंगाला तोंड लावायला आली, तेव्हा तिने ती हाताने धरली. त्यानंतर, त्या वर्षी उशिरा का होईना, पाखरं उतरली. तिच्या आजूबाजूला, हातभर अंतरावर, सुरया अंड्यांवर बसल्या होत्या. जागच्या हलल्याही नाहीत. माणसाने नुसता हात लांबवला असता तर महिनाभर पोट भरलं असतं. तिने एकही अंडं खाल्लं नव्हतं. आसपास एक टरफल नव्हतं, हे चौघांनी शपथेवर सांगितलंय.

भिवा त्यानंतर तीस वर्षं जगला. आपण सरळ गेलो असतो तर ती वाचली असती का, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. तो ते आपल्या चेहऱ्यावर वागवतच फिरायचा. त्याच्यानंतर गावाने ठरवलं की झाडणी किनाऱ्यावर करायची नाही, इथेच करायची, बेट समोर दिसत असताना. किनाऱ्यावर माणसाला विसर पडतो.

आजही सुरया वैशाखात येतात. आजही बेटावर मथुरेच्या पाया पडायला जाणारं लग्नाचं वऱ्हाड या खडकावर थांबतं, आजारी माणूस होडीत असला तरी थांबतं. माझी आई तापाने फणफणली होती, तिला मथुरेच्या दगडाला नमस्कार करायचा होता. खडक पुरता उघडला नव्हता, तरी मी तिला इथे तासभर पाण्यात उभं केलं आणि फळ्या उचलल्या. पुढच्या आठवड्यात ती गेली. मला कोणी बोल लावला नाही.

चला, पाणी उतरलं. उठा, पिशव्या उघडा. आणि एक सांगायचं राहिलं. झाडताना बेटाकडे पाठ करून उभं राहायचं, वळून बघायचं नाही. तो हात वर दिसत असताना भिवाला फळी उचलवेना, म्हणून त्याने पाठ फिरवली होती.