पेरलेला कोळसा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक कुंभारवाडी होती. तिथला सगळ्यांत वडीलधारा कुंभार हट्टाला असा, की त्याचं गाढवसुद्धा त्याच्यापुढे हार मानी! पण त्याच्या माठातलं पाणी प्यायलेला माणूस दुसऱ्यांदा मागायचाच.

वाडीला लागून बाभळीचं बन होतं. भट्ट्यांना तिथलंच सरपण. आणि वाडीची एक रीत होती: जमिनीकडून काही घेतलं, की त्यातलं मूठभर तिला परत द्यायचं. फांद्या तोडल्या की शेंगा पेरायच्या. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या पेटल्या, तरी बन होतं तेवढंच राहिलं.

एकदा बनाच्या कडेला माती खणताना काळे दगड लागले. चुलीत टाकले तर काय, रसरसून पेटले! दगडी कोळसा होता तो. लाकडं फोडायची कटकट गेली, वाडी खूश. रीत मात्र कुणी मोडली नाही हं! पाटीभर कोळसा काढला की मूठभर मातीत पुरायचा, वर तांब्याभर पाणी घालायचं. बाभूळ उगवते, तसा हाही उगवेल! आता हसू नका, त्यांना खरंच तसं वाटायचं.

खणता खणता खाण बनाखाली शिरली. पुढचा कोळसा हवा तर झाडं पाडायला हवी होती. सगळे म्हाताऱ्याला विचारायला आले.

त्याची सून पदर सावरत म्हणाली, "मामंजी, बन राहू द्या. बाभळीला पालवी फुटताना आपण पाहतो. दगडाला फुटलेली कुणी पाहिलीय का?"

"रीत कधी फसवत नाही, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "पाडा रे झाडं!"

बन गेलं. खाणीची जमीन म्हणून तिथं शेंगा कुणी पेरल्या नाहीत, पुरला तो कोळसाच. चार वर्षांत कोळसाही संपला. पुरलेल्या जागी गवताशिवाय काही उगवेना. भट्ट्या थंड पडल्या, चाकं थांबली. गाढवांवर बोचकी लादून एकेक घर वाडी सोडू लागलं. शेवटी म्हाताऱ्याचा मुलगाही निघाला.

"बाबा, चला ना आमच्याबरोबर."

"मी आलो तर कोळशाला पाणी कोण घालील? उगवेल रे. एक पावसाळा थांब."

नातीनं आजोबांचं धोतर घट्ट धरलं होतं. सुनेनं तिची बोटं हळूच सोडवली आणि तिला कडेवर घेतलं. चालता चालता ती पोर वळून वळून बघत होती.

म्हातारा एकटा उरला. एकट्यापुरती भाकरी थापायची आणि भिंतीशी बोलायचं. पावसाळा सरल्यावर त्यानं जमीन उकरली. मूठभर कोळसा पुरला होता, मूठभरच निघाला. ना मोड, ना मूळ. तो तिथंच बसून ढसाढसा रडला. "सूनबाई, तुझंच खरं होतं गं!" तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लांबच्या माळावरून बाभळीच्या शेंगा घेऊन आला. बी पेरलं, काट्यांचं कुंपण घातलं, शेळ्या हाकलल्या. दहा पावसाळे गेले आणि पुन्हा बन उभं राहिलं. वाळक्या फांद्या गोळा करून त्यानं भट्टी लावली. खणखणीत माठ निघाले. वाटेनं जाणाऱ्या एका माणसाबरोबर त्यानं मुलाला निरोप धाडला, "सरपण झालंय. परत या."

महिन्यानं उत्तर आलं. "बाबा, आमचं घर, आमची भट्टी आता इथंच. तुमची नातही चाकावर बसायला लागलीय. तुम्हीच या."

एवढी वाट चालायचं बळ आता त्याच्या पायांत नव्हतं. त्यानं घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक माठ भरून ओट्यावर ठेवला. दुपारपर्यंत पाणी छान गार झालं. प्यायला तो एकटाच होता.

तात्पर्य: झाड पुन्हा उगवतं, कोळसा संपला की संपतो. आणि झाड वाढेपर्यंत माणसं थांबतीलच असं नाही, म्हणून बन असतानाच ते जपावं.